मोठ्या शहरात रस्त्यावरचं खाणं आणि फूड ट्रक: सुरुवात कुठून करू?

पायपीट

नमस्कार मंडळी. कामासाठी तीन आठवडे एका अनोळखी मोठ्या शहरात एकटाच राहणार आहे. दिवसभर ऑफिस, पण संध्याकाळ आणि शनिवार-रविवार मोकळे, आणि मला तिथलं रस्त्यावरचं खाणं नीट बघायचंय. म्हणजे फोटोपुरतं नाही, रोज तिथली माणसं जिथे खातात तिथे उभं राहून खायचंय.

पण मनात भीती आहे. मागच्या वेळी अशाच एका शहरात स्टेशनबाहेरच्या एका गाडीवर खाल्लं आणि दोन दिवस खोलीत आडवा पडलो होतो. पदार्थ तर गरम होता, माझ्यासमोर तळून दिला, गर्दीही होती, मग चुकलं कुठे ते अजून कळलेलं नाही. एवढं आठवतंय की बाजूला स्टीलच्या उघड्या भांड्यात सॉस होता आणि मी तो दोनदा ओगराळ्याने वरून घेतला होता.

तर प्रश्न असे: चांगली जागा ओळखायची कशी? फूड ट्रक आणि साधी हातगाडी यात खायच्या दृष्टीने काय फरक पडतो? आणि मी मांसाहार करत नाही, भाषाही येत नाही, तर विचारायचं कसं? सविस्तर लिहिलंत तर खूप मदत होईल.

चवीची_वाट

पायपीट, सगळ्यात आधी एक सांगते, पहिल्या दिवशी काहीच खाऊ नकोस. ऑफिस सुटलं की नुसता एक फेरा मार, तासभर, आणि बघ. मी कुठल्याही नव्या शहरात हेच करते आणि तो तास पुढचे सगळे दिवस कामी येतो.

काय बघायचं? नुसती गर्दी नाही, गर्दी कोणाची आहे ते. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली ऑफिसची माणसं, शाळेच्या पोराला हाताला धरून आलेल्या आया, रिक्षा-टॅक्सीवाले, आसपासच्या दुकानातले लोक, अशी रोजची गिऱ्हाईकं असतील तर तो गाडीवाला उद्याही तिथेच उभा राहणार आहे आणि त्याला त्यांना तोंड दाखवायचंय. स्टेशनच्या तोंडाशी किंवा बघण्यासारख्या ठिकाणांच्या दाराशी जे गिऱ्हाईक येतं ते परत येणारच नसतं, तिथे नाव राखायची गरज कमी. सगळेच तिथे वाईट असतात असं अजिबात म्हणत नाही, पण सुरुवात तिथून करू नये.

दुसरं, त्याचे हात बघ. एका शहरात एक बाई होती, एकटीच गाडी चालवायची, एकच पदार्थ. तिच्या डाव्या हाताला गल्ल्याचा डबा आणि पैसे फक्त डाव्या हातानेच घ्यायची, उजवा हात झाऱ्यावर, तो पैशाला लागायचाच नाही. घाणा टाकायच्या आधी पिठाचा एवढासा थेंब तेलात सोडायची, तो लगेच वर आला तरच पुढचं टाकायची, नाहीतर लोक ताटकळले तरी थांबायची. कोणी घाई केली की नुसती मान हलवायची. फडकी दोन, एक हात पुसायला आणि एक फळी पुसायला, आणि ती कधी अदलाबदल झालेली मी बघितली नाहीत. तिच्याकडे मी सलग नऊ दिवस खाल्लं. तर असं काही दिसलं की समजायचं हे माणूस आपल्या कामाला जपतंय, मग गाडी जुनी असो, रंग उडालेला असो, मला फरक पडत नाही. चकचकीत गाडी आणि कळकट फडकं यापेक्षा ते शंभर पटीने बरं.

आणि वेळ! वेळेला फार महत्त्व आहे. जेवायच्या वेळेच्या जरा सुरुवातीला जा, गर्दी चढत असताना. माल हलत असतो, घाणा उतरला की लगेच संपतो. दुपार टळल्यावर उरलेलं जे काचेच्या पेटीत पडून असतं ते कितीही छान दिसलं तरी नको.

नमुना_क्रमांक_पाच

मी अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे तुमच्या सॉसबद्दल बोलते. नक्की कशाने झालं हे आता कोणीच सांगू शकणार नाही, पण माझा पहिला संशय त्या भांड्यावरच आहे.

साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या दरम्यान जंतू भराभर वाढतात. याच्या खाली थंड किंवा याच्या वर गरम ठेवलं तर वाढ थांबते किंवा अगदी मंदावते. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये असं सांगतात आणि उकाडा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आता तुमच्यासमोर तळलेला पदार्थ कढईतून थेट हातात आला, त्यात जंतूंना वाढायला वेळच मिळाला नाही. पण सॉस सकाळपासून उन्हात, उघडा, शंभर जणांचं एकच ओगराळं, कदाचित वरून पाणी घालून वाढवलेला. म्हणजे गरम पदार्थावर तुम्ही स्वतःच ती जोखीम ओतून घेतलीत. म्हणून माझा नियम, वरून घालायचं जे काही असेल ते बंद बाटलीतलं किंवा मग नको. कापून ठेवलेली फळं, कच्च्या भाज्या यांचंही तेच, फळ समोर सोलून कापून देत असेल तर खुशाल खा.

बर्फाबद्दल खूप लोकांचा गैरसमज असतो. गोठल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात, ग्लासात बर्फ वितळला की परत जागे. पाणी कुठलं आहे माहीत नसेल तर बर्फही नको.

आणि भात. यावर मला जरा जास्त लिहायचंय कारण इथेच माणसं फसतात. तांदळात एका जंतूचे बीजाणू असतात, बॅसिलस सेरियस नाव त्याचं, ते शिजवल्यावरही टिकतात. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास पडला की ते रुजतात आणि विष तयार करतात, आणि ते विष नंतर कितीही परतलं तरी जात नाही. म्हणजे तव्यावर खणखणीत आवाज करत, धूर काढत समोर परतलेला भातसुद्धा सकाळचा शिळा असेल तर त्रास देऊ शकतो. डोळ्यांना गरम दिसतंय एवढ्यावर जाऊ नका, परतायच्या आधी तो कुठून काढला ते बघा. वाफाळत्या झाकलेल्या भांड्यातून किंवा थंड पेटीतून काढला तर ठीक, बाजूच्या उघड्या परातीतून काढला तर पुढे चला.

बॅगेत ओआरएसची चार-पाच पाकिटं ठेवा. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचे चमचे, मोजूनच घाला, मीठ अंदाजाने टाकू नका. शौचातून रक्त पडलं, ताप चढला, किंवा पाणीही पोटात ठरत नसेल तर नेटवर शोधत बसू नका, सरळ डॉक्टर.

खिडकीच्या_आत

ट्रकबद्दल मी लिहितो, कारण मी अडीच वर्षं एका फूड ट्रकवर काम केलंय, दुसऱ्यांच्या, माझा नव्हता.

बाहेरून ट्रक म्हणजे चाकावरचं हॉटेल वाटतं पण आत उभं राहिल्यावर कळतं की जागा म्हणजे एक अरुंद बोळ आहे. आम्ही तिघं, एक तव्यावर, एक भरणारा, एक खिडकीवर, आणि कोणी मागून गरम काही घेऊन जात असेल तर "मागे, मागे" असं ओरडतच जायचं नाहीतर कोपर भाजलंच म्हणून समजा. पाणी टाकीत जेवढं आहे तेवढंच. वापरलेल्या पाण्याची टाकी वेगळी. फ्रिज छोटा. त्यामुळे बहुतेक चिरणं, मुरवणं, सॉस करणं हे पहाटे दुसरीकडे एका स्वयंपाकघरात व्हायचं, अशी भाड्याची सामायिक स्वयंपाकघरं असतात, आणि ट्रकवर फक्त शेवटची पाच-सहा मिनिटं.

म्हणून माझं सांगणं असं की ट्रकचा मेनू छोटा असला पाहिजे. पाच-सहा पदार्थ, त्यातही एकच तीन प्रकारे. जिथे फळ्यावर तीस पदार्थ आहेत तिथे विचार करा, एवढ्या जागेत तीस पदार्थांचा माल ताजा राहणार कुठे? आणि "संपलं" अशी पाटी लागलेली दिसली तर नाराज होऊ नका, ती चांगली गोष्ट आहे, त्याने आज लागेल तेवढंच आणलं होतं. उद्या लवकर जा.

हातगाडीशी तुलना करायची तर दोघांचंही आपापलं आहे. गाडीवर सगळं डोळ्यासमोर असतं, लपवायला जागाच नाही, हा तिचा फार मोठा गुण आहे. ट्रकला थंड-गरम ठेवायची सोय बरी पण आतलं दिसत नाही, म्हणून खिडकीतून जरा डोकवा. हात धुवायचं बेसिन रिकामं आहे की त्यात भांडी रचलीत? आमच्याकडे नियम होता, बेसिनमध्ये भांडं ठेवलेलं दिसलं की काम थांबायचं. बऱ्याच शहरांत परवाना किंवा तपासणीचा कागद दर्शनी भागात लावायला लागतो, तोही बघून घ्या.

ट्रकची जागा रोज बदलते हे लक्षात ठेवा. २००८ साली लॉस एंजेलिसमध्ये कोगी नावाच्या ट्रकने आज कुठे उभे आहोत हे ट्विटरवर टाकायला सुरुवात केली आणि लोक रात्री पार्किंगमध्ये रांगा लावायला लागले, तेव्हापासून ही पद्धत जगभर रुजली. तर निघायच्या आधी त्या दिवशीची पोस्ट बघा, महिनाभर जुन्या नकाशावर विसंबून जाल तर रिकाम्या फुटपाथवर उभे राहाल.

मांसाहाराचं: तवा एकच असतो. तेलही एकच. पदार्थात मांस नसलं तरी तो त्याच तव्यावर, त्याच झाऱ्याने झालेला असण्याची शक्यता खूप आहे. तुम्हाला ते चालत नसेल तर फक्त शाकाहारीच देणाऱ्या जागा शोधा, कारण गर्दीच्या वेळी "वेगळा तवा घ्या" म्हणलं तरी ते शक्य नसतं, माणूस हो म्हणेल पण होणार नाही. शेंगदाणा वगैरेची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर हे फारच गांभीर्याने घ्यावं.

रातपाळी

वरचं सगळं पटलं. माझी भर एवढीच, खाणं शोधायचं असेल तर कामाच्या पाळ्या शोधा.

१८७२ साली अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाने घोडागाडीतून रात्री खाणं विकायला सुरुवात केली, वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर, कारण रात्री काम करणाऱ्यांना तेव्हा दुसरीकडे कुठे काही मिळायचंच नाही. आजच्या फूड ट्रकचा एक पूर्वज तो. आणि अजूनही तेच आहे, बाजार समितीच्या बाहेर पहाटे चारला, हॉस्पिटलच्या मागच्या गेटला पाळी बदलताना, बस डेपोपाशी. मी स्वतः बारा वर्षं रात्रपाळी केली, आम्हाला दमलेल्या अंगाने पोटभर आणि गरम लागायचं, आणि पोट बिघडून दुसऱ्या दिवशी खाडा परवडणार नसायचा. त्यामुळे ज्याच्याकडे एकदा कोणाला त्रास झाला त्याच्याकडे अख्खी पाळी जायची बंद व्हायची. एवढी कडक तपासणी कुठलाच कागद करत नाही. फक्त एकटे असाल तर अपरात्री जाताना रस्ता माहितीचा ठेवा.

आणि अगदी पहिल्या आठवड्यात धाकधूक वाटत असेल तर अनेक शहरांत एका छपराखाली पाण्याची, सांडपाण्याची सोय करून विक्रेत्यांना जागा दिलेली असते, तिथून सुरुवात करा. सिंगापूरने हे फार मोठ्या प्रमाणावर केलं, रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना अशा केंद्रांमध्ये आणलं, आणि २०२० साली युनेस्कोने त्यांच्या या फेरीवाला संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं. मला रस्त्याचाच नाद आहे पण नवख्या पोटाला ही पायरी बरी.

पायपीट

बापरे, एवढं सगळ्यांनी मनापासून लिहिलंत, खूप आभार. सॉसचं वाचून एकदम डोक्यात प्रकाश पडला, मी इतके दिवस त्या तळणाऱ्याला दोष देत होतो. तवा एकच असला तर मला चालत नाही, तर फक्त शाकाहारी जागाच शोधतो. अजून एक, एकट्याने जास्त पदार्थ चाखायचे कसे? एका जागीच पोट भरतं. आणि भाषेचं राहिलंच.

चवीची_वाट

एका जागी एकच पदार्थ, छोटा असेल तर छोटाच, आणि मग पंधरा-वीस मिनिटं चालायचं. तीन जागा म्हणजे एक जेवण. जास्त नको, पहिल्याच दिवशी सहा नव्या गोष्टी पोटात ढकलल्या तर जंतू नसले तरी पोट बंड करणार, तिखट-तेलाची सवय व्हायला वेळ द्यावा लागतो.

भाषेसाठी, तिथल्या ऑफिसमधल्या कोणाकडून तरी त्यांच्या लिपीत कागदावर लिहून घे, "मी मांस, मासे, अंडी खात नाही, रश्शातही नको". रश्शाचं नक्की लिहून घे, तिथेच गडबड होते. भाषांतराचं ॲप असतंच पण रांगेत मागे दहा जण उभे असताना फोन काढून बोलत बसण्यापेक्षा कागद पुढे केला की काम होतं. आणि पैसे सुटे, हातात तयार. गाडीवाल्याचा वेळ हाच त्याचा धंदा आहे. फोटो काढायचा तर आधी हाताने खूण करून विचार, आणि खाल्ल्यावर काढ, तव्यासमोर अडवून उभा राहू नकोस.

तिसऱ्या दिवशी त्याच जागी परत जा. तो ओळखेल. मग तोच खुणेने सांगेल की हे घे, आज हे चांगलं झालंय.

खिडकीच्या_आत

+१. खिडकीवर असताना मला परत आलेलं गिऱ्हाईक लगेच कळायचं, आणि त्याचं आम्ही जरा जास्तच मन लावून भरायचो. परत आलास की इथेच लिही काय काय मिळालं ते, वाट बघतोय.