मदत हवी आहे: आयर्लंडमध्ये कॉर्क की डब्लिन?

नमस्कार. आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. मिस्टर वेर्ण्याच्या औषध कंपनीत दहा वर्षं क्वालिटी कंट्रोलला आहेत. सासऱ्यांच्या १९६१ पूर्वीच्या, पोर्तुगीज राजवटीतल्या जन्मनोंदणीवरून त्यांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळालाय. इंग्लंडची वाट ब्रेक्झिटनंतर बंद झाली. लिस्बनला भाषा आड येते, म्हणून त्याच पासपोर्टवर इंग्रजी चालणारं आयर्लंड ठरवलं. माझा आणि मुलीचा पासपोर्ट भारतीयच आहे. मुलगी तिसरीत, मराठी माध्यमात शिकते. गणेश चवथ झाली की निघायचं आहे.

औषध कारखाने कॉर्कजवळ रिंगास्किडीला बरेच आहेत, म्हणून माझं मन तिकडे. मिस्टरांना वाटतं, डब्लिनला आपली माणसं जास्त, अडीअडचणीला कुणीतरी असेल. नोकरी अजून हातात नाही, दोन मुलाखती ऑनलाइन झाल्या आहेत.

खरं अडलंय घरापाशी. दोन्हीकडे मिळून चौदा घरांना अर्ज केले, उत्तरं दोनच आली. दोघांनीही आधीच्या घरमालकाचं पत्र मागितलं. आम्ही जन्मभर स्वतःच्या घरात राहिलो, ते पत्र आणायचं कुठून? बँकेचं स्टेटमेंट आणि कंपनीचं पत्र पाठवलं, पुढे काही कळलं नाही. भाड्याला महिना दोन हजार युरोच्या वर जमणार नाही. पहिलं वर्ष गाडीही नसेल.

कृपया तिथे राहणाऱ्यांनीच सांगा: रिंगास्किडीजवळच्या कॅरिगलाइनला राहून शिफ्ट ड्युटीला बसने वेळेवर पोचता येतं का? मिस्टरांनी आधी एकट्याने जाऊन घर बघावं, की तिघांनी एकदमच निघावं? आणि घरमालकाच्या पत्राऐवजी तुमचं काय चाललं?