मदत हवी आहे : नातवाने मला काय म्हणावं? घरातली सगळी नावं आधीच वाटली गेलीत

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातले, कास्तकारी. मुलगा-सून पुण्याला नोकरीला. सून कोल्हापूरकडची, पहिलं बाळंतपण तिच्या माहेरी झालं. नातू आता बसायला लागलाय, बा-बा, दा-दा सुरू आहे. पोळ्याला पहिल्यांदा गावी येतोय, आणि मला काय म्हणायचं हेच घरात ठरलेलं नाही.

"आजी" म्हणायला शिकवा, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्या घरात आजी म्हणजे माझ्या सासूबाई. मुलगा त्यांना आजी म्हणतो, म्हणून गडीमाणसं म्हणतात, किराणावालासुद्धा म्हणतो. तिकडे सुनेची सव्वीस आठवड्यांची रजा संपल्यावर तिची आई पुण्यात राहायला आली. मी खरीप सोडून कशी जाऊ? पेरणी, डवरणी, निंदण, त्यात सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं. त्यामुळे पोराच्या कानावर दिवसभर पडणारी आजी म्हणजे विहीणबाई. व्हिडिओ कॉलवर मुलगा म्हणतो, "आजीला टाटा कर," की ते लेकरू मान वळवून स्वयंपाकघराकडे बघतं!

सून म्हणते "आज्जू" छान वाटतं. तिचा हेतू चांगलाच आहे, पण मला ते ऐकूनच कसंतरी होतं, आणि आमच्या गल्लीतल्या बाया वर्षभर हसतील. "मोठी आई" म्हणावं, तर आमच्याकडे मोठी आई म्हणजे जेठानी, ती शेजारच्याच घरात आहे.

यांचंही अडलंय. "आबाजी" आवडतं, पण सासरे आबाजी होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली तरी हे म्हणतात, "आबाजी एकच." मग आजोबा? ते आमच्याकडे पुस्तकात असतात.

तुमच्याकडे चार पिढ्या एका घरात असतील तर काय केलंत?

*

सेलूची_माय : आमच्याकडे हा प्रश्न आपोआप सुटला, कारण पोरं आईला मम्मी म्हणायला लागली आणि "माय" रिकामं झालं. आता मी माय, माझ्या सासूबाई बुढी माय. कुणालाच वाईट वाटलं नाही. सिंधुताई सपकाळ आमच्याच वर्धा जिल्ह्यातल्या, सारं जग त्यांना माई म्हणायचं. माय काही लहान नाव नाही.

कोल्हापूरची_पोर : बुढी माय?? आमच्याकडे म्हातारीला तोंडावर म्हातारी म्हटलं तर जेवण मिळत नाही.

सेलूची_माय : इकडे लाडानेच म्हणतात हो. पण सून तुमच्याकडचीच आहे, तिला आधी सांगून ठेवा हे खरं.

पऱ्हाटी : अकोल्याहून. तुम्ही शिकवाल ते मूल म्हणेलच असं नाही, घरात जे ऐकतं ते उचलतं. माझी नात आजोबांना "अहो" म्हणायची, कारण मी तशी हाक मारते. शाळेत जाईपर्यंत म्हणत होती, आणि यांना त्याचं काय कौतुक! तेव्हा नाव निवडा, पण ते म्हणायचं काम मुलावर आणि सुनेवर टाका. त्यांनी रोज, तुम्ही फोनवर नसतानाही, त्याच नावाने तुमचं बोललं पाहिजे. आणि ओठांनी निघणारं नाव घ्या. ब, म, प लेकरांना लवकर जमतात, ज जमायला वेळ लागतो. आबा आधी येईल, आजीचं बराच काळ "आयी" होईल.

वऱ्हाडी_सून : विहीणबाईंशी स्पर्धा लावू नका एवढंच सांगते. ती बाई आपलं घर सोडून तिथे राहिली म्हणून तुमची सून कामावर जाते. पोरगं मोठं झालं की खुणेने नावं पाडतंच. माझा मुलगा एकीला "गायवाली आजी" म्हणतो आणि दुसरीला "लिफ्टवाली आजी". दोघी खूश आहेत.

नागपुरी_संत्रा : सरळ उपाय सांगतो. पणतू झाला की पणजीवर सोन्याची फुलं उधळायची रीत आहे ना? पोळ्याला चार पाहुण्यांसमोर तो कार्यक्रम करा. सासूबाई रीतसर पणजी होतील, आजी मोकळं होईल. फुलं गुंजभर सोन्याची चालतात, फार खर्च नाही. आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोट्ट्याच्या हातात लाकडी बैलाची दोरी द्या. जो बोजारा (बैल घेऊन आलेल्या पोरांना देतात तो खाऊ-पैसा) देईल त्याला तो काहीही म्हणेल.

*

(धागाकर्ती) : सगळ्यांचे आभार. फुलांचं सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "फुलं उधळा, मले चालते. पण आजी मीच. पणजी म्हणे! मी का आताच चालली का?" तेव्हा ती वाट बंद.

"माय" मला पटलं. माझ्या आईला आम्ही मायच म्हणायचो, म्हणून ओळखीचं वाटतं. सुनेला काल फोनवर विचारलं. क्षणभर थांबली, मग म्हणाली, "चालेल आई, आणि त्याला म पटकन येईल." पऱ्हाटीताई, तुमचं तिलाही वाचून दाखवलंय. विहीणबाईंशीही बोलले, त्या आपणहून म्हणाल्या की मी रोज त्याला तुमचा फोटो दाखवून माय म्हणत जाईन. वऱ्हाडी_सून, तुम्ही म्हणता ते खरंच आहे.

यांचं मात्र लटकलंय. माझे जेठ म्हणतात, मी मोठे आबाजी व्हायला तयार आहे. पण मग हे लहान आबाजी होतात, ते यांना मंजूर नाही. कुणाकडे दोन भाऊ एकाच अंगणात आजोबा झाले असतील तर सांगा. आणि नऊ महिन्यांच्या लेकरासाठी लाकडी बैल चाकांचा घ्यावा की बिनचाकाचा? रंग तोंडात जाईल याची भीती वाटते, सुताराला बिनरंगाचा करायला सांगितला तर चालेल का?