दहा बाय बाराच्या खोलीत कंटेनर रेक: हौस की थट्टा?

रूळप्रेमी: फ्लॅटमधल्या खोलीत मॉडेल रेल्वेचा एचओ (खऱ्याच्या १:८७ मापाचा) लेआउट मांडणाऱ्यांनी कंटेनर गाडीच्या नादी लागू नये. आपल्याकडचा रेक, म्हणजे आख्खी मालगाडी, ४५ वॅगनचा. प्रत्येकीवर एकेक ४० फुटी कंटेनर धरला तरी नुसते कंटेनरच ५४८ मीटर, मॉडेलमध्ये सव्वासहा मीटर. दहा वॅगन फिरवल्या की इंजिन स्वतःचीच शेपटी धरायला धावतंय असं वाटतं. त्यापेक्षा चार डब्यांची पॅसेंजर बरी.

घाटमाथा: साफ असहमत. फाटकावर उभं राहून आख्खा रेक एका नजरेत कुणाला दिसतो? एका टोकाला बोगदा, दुसऱ्या टोकाला झाडी, झालं काम. डोळ्याला खुपते ती चुकीची भरणी. अमेरिकी डबल-स्टॅकमध्ये, म्हणजे एकावर एक दोन कंटेनर रचलेल्या गाडीत, २० फुटी कंटेनर नेहमी खाली, वेल कारच्या खोलगट पोटात. वर ४० फुटी किंवा थेट ५३ फुटी. लोक खुशाल २० फुटी वर चढवून फोटो टाकतात!

रूळप्रेमी: भरणी सुधारेल हो, खोली कशी वाढेल? पाच वेलचा एकच जोडसंच पाऊण मीटरच्या वर जातो.

तीनफाटा: मग एन स्केल घ्या की. १:१६० मध्ये ४० फुटी कंटेनर जेमतेम साडेसात सेंटीमीटर. फक्त वजनाकडे बघा. लांब गाडी ओढताना हलक्या वॅगन वळणावर आतल्या बाजूला लवंडतात. वजन खालच्या कंटेनरमध्ये भरायचं, वरचा रिकामा.

घाटमाथा: आणि डबल-स्टॅकच हवं असं कुठंय? आपल्याकडे सपाट वॅगनवरच दोन मजले चढतात, म्हणून पश्चिम मालवाहतूक कॉरिडॉरवर विजेची तार सुमारे साडेसात मीटरवर नेलीय. न्हावा शेवाहून पनवेल-दिवा-वसईच्या जुन्या लाइनने जाणारा रेक एकमजली. तोच करा, उंच खांब नकोत, तारेला टेकणारा इंजिनावरचा उंच पँटोग्राफ नको.

रूळप्रेमी: पनवेल करताय आणि ट्रॅक एचओचा, दोन रुळांत १६.५ मिलिमीटर अंतराचा? १६७६ मिलिमीटरचं ब्रॉडगेज १:८७ ने १९.३ होतं. तिथे बरी तडजोड चालते!

घाटमाथा: चालते. रूळ कोण मोजतो? बाजूने बघणाऱ्याला कंटेनर दिसतात.

रूळप्रेमी: आणि ते दहाच दिसतात. माझं मत कायम.