पाणी उतरतं तेव्हा गाळ कुठे जातो?
‘समुद्र चढला की खोल पाण्यात जास्त गाळ जातो’ असं कुणी म्हणेल, पण बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता. भूखंड मंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, उघडा पडलेला. नद्या त्यात दऱ्या कोरत पार कडेपर्यंत पोचायच्या आणि गाळ थेट उतारावरून खोल समुद्रात लोटायच्या.

अ‍ॅमेझॉनच्या मुखासमोर खोल तळावर गाळाचा जो प्रचंड पंखा पसरलाय, त्यातले ड्रिलिंगचे नमुने बघा: खाली नदीचा करडा चिखल, मध्ये लोहाची पातळ खपली, वर जेमतेम मीटरभर, सूक्ष्म समुद्री जीवांच्या कवचांचा फिकट तपकिरी थर. पाणी चढलं आणि नदीचा माल मंचावरच अडकला, त्याची ही खूण.

बंगालच्या उपसागरातला पंखा मात्र हट्टी! तिथली समुद्रातली घळ मंचात इतकी आत शिरलीय की आजही गाळ खाली जातोच.