अमेरिकन स्पोर्ट ऑस्ट्रेलियातल्या फ्री टीव्हीवर: किती दाखवावा, कोणी दाखवावा?

मेलबर्नकर
थेट मुद्द्यावर येतो. इथल्या फ्री चॅनेल्सनी अमेरिकन स्पोर्ट आहे त्यापेक्षा जास्त दाखवायला पाहिजे, त्यातही एनबीए, म्हणजे तिथली बास्केटबॉल लीग. सेव्हन चॅनेलवाले त्यांच्या सेव्हनमेट या दुसऱ्या चॅनेलवर एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लावतात, त्याची फायनल सुपर बोल मेन चॅनेलवर देतात, ते चांगलंच आहे. पण बास्केटबॉल बघायचा म्हटलं की ईएसपीएन नाहीतर प्राइम, म्हणजे दर महिन्याला पैसे मोजा.

आमच्या घरासमोरच्या पार्कात एक हूप (बास्केटबॉलची रिंग) आहे, तिथे रोज संध्याकाळी आठ-दहा पोरं असतात, सगळ्यांच्या अंगात एनबीएच्या जर्सी. त्यांच्याशी बोललो तर जवळजवळ कोणीच पूर्ण मॅच बघत नाही, सगळं फोनवरच्या क्लिप्समधून. क्लिपमधे काय असतं, डंक (उडी मारून बॉल रिंगमधे कोंबणं) आणि थ्री पॉइंटर (लांबून मारलेली तीन गुणांची बास्केट). आता आपला बेंडिगोचा डायसन डॅनियल्स घ्या, अटलांटाकडून खेळतो, 2024-25 ला मोस्ट इम्प्रूव्हड प्लेयर झाला आणि स्टील्समधे, म्हणजे समोरच्याकडून बॉल हिसकावण्यात, अख्ख्या लीगमधे पहिला आला. तो समोरच्याला कसा अडवतो, पासच्या आधीच हात कुठे नेऊन ठेवतो, हे बारा सेकंदांत दिसतच नाही, त्याला मॅच बघावी लागते. ती पोरांना फुकट बघायला मिळायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पॅरामाटाची_पमा
मला हे अजिबात पटत नाही. आधी घरचं बघा ना! 2018 पासून ऑस्ट्रेलियातल्या पुरुषांच्या वनडे आणि टी-20 फ्री टीव्हीवरून गेल्या, फक्त टेस्ट आणि बिग बॅश सेव्हनवर राहिलं. इंडिया इथे येते, आपल्या शहरात वनडे खेळते आणि माझ्या सासूबाईंना ती टीव्हीवर दिसत नाही कारण फॉक्सटेल किंवा कायो या पैसे भरायच्या सर्व्हिस नाहीत घरात. आणि तुम्ही म्हणताय चॅनेल्सनी अटलांटाच्या मॅचेसवर पैसे घालावेत?

आणि बास्केटबॉलचंच म्हणाल तर लॉरेन जॅक्सन कुठे घडली? ऑल्बरीची मुलगी, अमेरिकेतल्या बायकांच्या लीगची, डब्ल्यूएनबीएची, तीनदा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाली, पण तिचा पाया इथल्या बायकांच्या लीगमधला, डब्ल्यूएनबीएलमधला. ती लीग दाखवा आधी दर आठवड्याला, चांगल्या वेळेला. पोरींनाही हूप असतो.

जुना_नाशिककर
पमाताई, क्रिकेटचं दुखणं खरं आहे, पण तो दोष कायद्याचा आहे. इथली जी अँटी-सायफनिंग लिस्ट आहे ना, महत्त्वाच्या मॅचेसची सरकारी यादी, त्यात इथल्या वनडे-टी-20 होत्याच, तरी गेल्या. कारण ती लिस्ट फ्री चॅनेलला फक्त पहिली संधी देते, दाखवायची सक्ती कोणावर नाही. आपल्याकडे भारतात 2007 चा कायदा आहे, महत्त्वाच्या मॅचचं सिग्नल प्रसार भारतीला द्यावंच लागतं, तसं इथे नाही. 2024 ला लिस्टचा कायदा बदलला, स्ट्रीमिंगवाले पण त्यात आले, पण मूळ गाभा तोच. आणि एनबीए-एनएफएल त्या लिस्टमधे नाहीच, त्यामुळे तो पूर्ण धंद्याचा निर्णय.

आता धंदाच म्हणायचं तर मेलबर्नकरांना मी आठवण करून देतो. 2009 मधे टेन चॅनेलवाल्यांनी वन नावाचा चॅनेल काढला होता, चोवीस तास स्पोर्ट, त्यात अमेरिकन माल भरपूर. मी अगदी आवडीने बघायचो. 2011 मधे त्याचं साधं मनोरंजनाचं चॅनेल केलं. प्रेक्षक असता तर बंद केलं असतं का?

मेलबर्नकर
नाशिककर काका, वन 24 तास होता, मी 24 तास कुठे मागतोय. आणि 2009 मधे एनबीएत ऑस्ट्रेलियन होते किती? तेव्हा बोगट होता, पॅटी मिल्स त्याच वर्षी ड्राफ्टमधे (टीम नवे खेळाडू निवडतात त्यात) निवडला गेला. आता गिडी आहे, डॅनियल्स आहे. एनएफएलमधे जॉर्डन मैलाटा, सिडनीत रग्बी लीग खेळणारा पोरगा, 2018 च्या ड्राफ्टमधे सातव्या राउंडला घेतला आणि 2025 चा सुपर बोल जिंकला फिलाडेल्फियाकडून. आणि 2026 च्या सीझनची मॅच मेलबर्नच्या एमसीजी ग्राउंडवर द्यायची म्हणून एनएफएलने आधीच जाहीर केलंय. काळ बदललाय.

पमाताई, पैशाचं म्हणाल तर वनडे प्राइम टाइमला असते, तिची किंमत वेगळी. न्यूयॉर्कची साडेसातची मॅच इथे उन्हाळ्यात सकाळी साडेअकराला येते, तेव्हा दुसऱ्या चॅनेलवर काय असतं? जुन्या सिरीयल्स आणि वस्तू विकायचे कार्यक्रम. कोणाचं काय जातंय?

पर्थवाली
सकाळी साडेअकराला पोरं शाळेत असतात दादा. हा मुद्दा कोणीच घेतला नाही. आणि पर्थला तर उन्हाळ्यात आम्ही तुमच्या तीन तास मागे, एनएफएलची तिथल्या रविवार दुपारची मॅच आमच्याकडे सोमवारी पहाटे दोनला, तुमच्याकडे पाचला. कोण उठतंय? एनएफएल फ्री टीव्हीवर आहे त्यापेक्षा जास्त जमणारच नाही, ते बाजूला ठेवा.

एनबीएचं मात्र जमतं, कारण अमेरिकेची शुक्रवार-शनिवारची रात्र म्हणजे आपला शनिवार-रविवार. तुमच्याकडे दुपार, आमच्याकडे सकाळ आठ-नऊ. सरकारी चॅनेल एसबीएसने 2019-20 च्या सीझनला त्यांच्या व्हाइसलँड चॅनेलवर वीकेंडला दोन मॅचेस लावल्या होत्या, माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा, नाश्ता करता करता पूर्ण मॅच बघायचा, कोणता प्लेयर बेंचवर का गेला ते मला विचारायचा आणि मला सांगता यायचं नाही. इथे लूक लाँगलीचं नाव अजून घेतात लोक, तो पर्थचा, शिकागोकडून ओळीने तीन चॅम्पियनशिप, त्याचे सामने तेव्हा फ्री टीव्हीवर बघूनच बरेच जण खेळाला लागले. दोन मॅचेस, वीकेंडला, एवढंच मागा. सगळं मागाल तर काहीच मिळणार नाही.

पॅरामाटाची_पमा
पर्थवाली, तुमचं समजलं आणि त्यात तथ्य आहे. पण एसबीएस लोकांच्या पैशावर चालतं, थोड्या जाहिराती सोडल्या तर. तो पैसा अब्जावधी कमावणाऱ्या अमेरिकन लीगला का द्यायचा? सेव्हन, नाइन, टेन या खासगी चॅनेल्सनी स्वतःच्या खिशातून काय ते दाखवावं, माझी हरकत नाही. सरकारी पैशाने मात्र आधी डब्ल्यूएनबीएल, मग बाकीचं.

मेलबर्नकर
दोन वीकेंड मॅचेसवर मी तयार आहे, एनएफएलचा हट्ट सोडतो. पण पमाताई, हे दोन्ही एकमेकांच्या आड येत नाही. रविवारी दुपारी बाराला एनबीए आणि त्याच्या मागोमाग डब्ल्यूएनबीएलची मॅच त्याच चॅनेलवर लावा. जो पोरगा डॅनियल्ससाठी बसलाय तो उठून जाणार नाही, आणि जी मुलगी भावाबरोबर बसली असेल तिला तिची लीग आयती समोर येईल. वेगळ्या दिवशी, वेगळ्या ॲपवर टाकलं की दोघंही बघत नाहीत.

जुना_नाशिककर
हे बरोबर, पण डब्ल्यूएनबीएलवाल्यांना दुपारी मॅच ठेवायला आधी विचारा. हॉलमधे संध्याकाळी जास्त गर्दी येत असेल, तर टीव्हीसाठी वेळ हलवली की तिकिटाचे पैसे बुडतात, ते कोण भरून देणार ते ठरल्याशिवाय हे कागदावरच राहणार.