बाळाला न पचणाऱ्या साखरा कशासाठी?
बाळाला पचतच नाहीत अशा साखरा आईच्या दुधात कशाला, हा प्रश्न फार मोलाचा आहे. लॅक्टोज (दुधातली मुख्य साखर) आणि स्निग्धांशानंतर दुधात सर्वात जास्त असलेला घन घटक म्हणजे या न पचणाऱ्या, ऑलिगोसॅकराइड (छोट्या साखळीच्या) साखरा. त्या थेट मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथल्या बायफिडोबॅक्टेरिया या उपयोगी जिवाणूंचं पोट भरतात. हे जिवाणू त्यांपासून अ‍ॅसिटिक आणि लॅक्टिक आम्ल बनवतात; त्या आम्लात बऱ्याच रोगजंतूंना टिकणं अवघड जातं. त्यामुळे पहिला चीक, म्हणजे आईचं अगदी पहिलं दूध, वाया घालवून मध चाटवणं मला अजिबात पटत नाही. (मधातून बोट्युलिझमचाही (जिवाणूमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा) धोका असतो, वर्षाच्या आत देऊच नये.) सिझेरियन झालं असेल तर अंगावरचं दूध आणखीच महत्त्वाचं, कारण अशा बाळांच्या आतड्यात सुरुवातीला हे जिवाणू बहुधा कमी असतात.