आजीचे राणीछाप रुपये घासून चकचकीत केले आणि त्यांची किंमत उतरली. असे का झाले असावे?

पंचवटीकर:
नमस्कार. आमच्या आजीच्या देवघरातील पितळी डब्यात ब्रिटिश काळातले, राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचे चित्र असलेले) आणि राजाछाप मिळून चांदीचे १९ रुपये निघाले. दर धनत्रयोदशीला ती ते पूजेला मांडत असे. त्यामुळे ते काळे तर पडले होतेच, शिवाय राणीच्या केसांच्या रेषांत वर्षानुवर्षांचे कुंकू घट्ट बसले होते. विकण्यापूर्वी ते नीटनेटके दिसावेत म्हणून मी सहा रुपये लिंबू व रांगोळी लावून जुन्या टूथब्रशने घासले आणि ते आरशासारखे लखलखू लागले. मात्र जुनी नाणी घेणाऱ्या एका गृहस्थांनी तेच सहा रुपये बोटाने बाजूला सारले, ते चांदीच्या भावानेच जातील असे सांगितले आणि उरलेल्या काळ्या तेरांसाठी भिंग बाहेर काढले. घासलेल्यांत १८६२ सालचाही एक रुपया आहे. स्वच्छ नाण्याला कमी किंमत का मिळावी, आणि झालेले नुकसान काही उपायाने भरून निघते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ठिपकेवाला:
आपण मळ काढला असे आपल्याला वाटत असले, तरी त्याबरोबर नाण्याचा पृष्ठभागही गेला आहे. टाकसाळीत रुपया पाडताना ठशाच्या दाबाने धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा उमटतात. न वापरलेले नाणे दिव्याखाली तिरपे करून फिरवले असता चाकाच्या आऱ्यांसारखी जी झळाळी फिरताना दिसते, ती याच रेषांमुळे. रांगोळी म्हणजे बारीक दगडी भुकटी असल्याने ती या रेषा खरवडून काढते आणि त्यांच्या जागी स्वतःचे ओरखडे ठेवते. अशा नाण्याची चमक सगळीकडे सारखी असते, ती फिरत नाही. अनुभवी ग्राहकाला हे ओळखायला क्षणही लागत नाही. चांदीवरचा काळेपणा म्हणजे वरून बसलेली धूळ नव्हे, तर हवेतील गंधकाशी संयोग पावलेली खुद्द चांदीच आहे. त्यामुळे तो घासून काढणे म्हणजे नाण्याचाच एक पापुद्रा काढणे होय.

१८६२ च्या रुपयाबद्दल मात्र मला खरोखर हळहळ वाटली. या नाण्यावरचे साल न बदलता पुढे अनेक वर्षे रुपये पाडले गेले आणि ते कोणत्या वेळचे हे ओळखण्यासाठी मागील बाजूस बारीक ठिपके दिलेले असतात. ठिपक्यांच्या संख्येवर किंमत ठरते आणि घासताना आधी झिजतात ते असे बारीक उंचवटेच. भिंगाखाली ते मोजता येत असतील, तर अजून सर्व गेले नाही.

सराफांच्या घरातला:
वरील मताशी मी सहमत आहे, पण पंचवटीकरांनी फार मनाला लावून घेऊ नये. जे रुपये हाताळून आधीच गुळगुळीत झाले होते आणि ज्यांची सालेही नेहमीचीच आहेत, ते घासले नसते तरी फार वेगळा भाव आला नसता. पूर्ण वजनाचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे जुन्या हिशेबाने बरोबर एक तोळा, आणि त्यात साधारण ९१.७ टक्के चांदी. मोडीत तेवढे मूल्य कुठेही जात नाही. नुकसान होते ते उत्तम अवस्थेतील किंवा दुर्मीळ नाण्याचे. नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या संस्था घासलेल्या नाण्याला सामान्यतः प्रतीचा अंक देत नाहीत, ते अस्सल असल्याचे सांगून साफसफाईची नोंद करतात, आणि ती नोंद किमतीला कायमची चिकटते. (आमच्या आजोबांच्या काळी गिऱ्हाईकच चकचकीत रुपया मागत असे, हेही खरे.)

त्यावर पुन्हा काळेपणा आणण्याच्या नादी मात्र लागू नये. उकडलेल्या अंड्याजवळ ठेवून किंवा रसायने लावून आणलेला रंग ओरखड्यांच्या वर बसतो, ते झाकत नाही, आणि फसवणुकीचा संशय मात्र ओढवून घेतो.

अंजनेरीच्या वाटेवर:
आपल्याच नाशिक जिल्ह्यातले उदाहरण देतो. १९०६ मध्ये जोगळटेंभी येथे नहपान या क्षत्रप राजाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. नव्या छापाखाली जुन्या छापाच्या पुसट खुणा दिसतात, आणि एका राजाने दुसऱ्यावर मिळवलेला विजय त्या दोन थरांतच वाचता येतो. असे नाणे कुणी घरी घासले असते, तर खालचा थर आधी गेला असता. अंजनेरीच्या नाणे संग्रहालयात जाऊन जुन्या नाण्यांचे पृष्ठभाग एकदा जवळून पाहावेत, म्हणजे घासलेल्या नाण्याचा फरक डोळ्यांना आपोआप कळतो.

उरलेल्या तेरांवरील कुंकू मात्र काढता येईल. तेलकट, चिकट थर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये काही वेळ भिजवल्यास सैल होतो आणि चांदीला इजा होत नाही; नेलपॉलिश काढण्याचे द्रव्य वापरू नये, कारण त्यात तेल आणि सुगंध मिसळलेले असतात. खिडकी उघडी ठेवावी, जवळ निरांजन नसावे. नंतर डिस्टिल्ड पाण्याने धुऊन कापडाने केवळ टिपावे, पुसू नये. मऊ पीव्हीसीच्या पिशव्याही टाळाव्यात, कारण त्यांतून नाण्यावर हिरवट चिकट थर येतो.

पंचवटीकर:
सर्वांचा आभारी आहे. भिंगाखाली पाहिले असता १८६२ च्या रुपयावर सालाखालचे दोन ठिपके स्पष्ट दिसतात, तिसऱ्याच्या जागी नुसता डाग उरला आहे. उरलेले तेरा रुपये डब्यात जसेच्या तसे ठेवले असून, येत्या रविवारी त्यांतील सर्वांत झिजलेल्या एकावर अ‍ॅसिटोनचा प्रयोग करून पाहीन.